शाळकरी मुलांची दातकीड आणि हिरड्यांचे विकार : कारणे, लक्षणे व उपाय

दाताला कीड लागली, असे आपण सहज म्हणतो. शेतकऱ्याच्या तोंडी कीड हा शब्द आला की डोळ्यांपुढे भातावरचा खोडकिडा येतो, फळ पोखरणारी अळी येते. दातात मात्र अशी कोणतीही अळी नसते. दात पोखरला जातो तो आम्लामुळे, आणि हे आम्ल तयार होते आपण खाल्लेल्या साखरेपासून. म्हणून धुरी देऊन दातातील किडे पाडून देतो असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. जे दातात नाहीच ते बाहेर पडणार कसे?

प्रस्तुत लेखात पालघर, बोईसर-तारापूर या भागातील शेतकरी पालकांना उपयोगी पडेल अशी माहिती देण्याचा प्रयत्न केला आहे. लेखक कृषिविद्येचा अध्यापक आहे, दंतवैद्य नाही. उपचार दंतवैद्यानेच करावयाचे आहेत. परंतु दात किडण्यामागचे रसायनशास्त्र शेतकऱ्याला नवे नाही. जमिनीचा सामू, स्फुरद, चुना या गोष्टी ज्याला समजतात, त्याला दाताची कीड समजण्यास अडचण पडू नये.

समस्येचे स्वरूप

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर मौखिक आरोग्याची पाहणी केली आणि तिचा अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. या पाहणीतील शाळकरी वयोगटांचे आकडे पुढीलप्रमाणे आहेत.

वय १२ वर्षे : दातकीड ५३.८ टक्के, हिरड्यांचे विकार ५७.० टक्के
वय १५ वर्षे : दातकीड ६३.१ टक्के, हिरड्यांचे विकार ६७.७ टक्के

म्हणजे सातवीच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले असतात आणि दहावीपर्यंत हे प्रमाण दहापैकी सहाच्या वर जाते. त्याच पाहणीत ३५ ते ४४ या वयोगटात दातकिडीचे प्रमाण ८०.२ टक्के आढळले. मोठेपणी दात पडतात त्याचे मूळ शाळेच्या वयातच रुजलेले असते.

कायमचा दात एकदा गेला की पुन्हा येत नाही. केळीचे खोड कापले तर शेजारून पिल फुटतो. चौदाव्या वर्षी काढलेल्या दाढेची जागा मात्र जन्मभर रिकामी राहते, किंवा तेथे खर्चाचा कृत्रिम दात बसवावा लागतो. शेजारचे दात त्या जागेकडे कलतात, समोरची दाढ लांबते, आणि एका बाजूने चावण्याची सवय लागते. यासाठी हा विषय किरकोळ समजू नये.

पालघर आणि शालेय आरोग्य तपासणी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथूनच झाला. त्या वेळी पालघर हा ठाणे जिल्ह्यातील तालुका होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा व विक्रमगड या आठ तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला.

या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अपेक्षित आहे. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा, तर शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची वर्षातून एकदा तपासणी करावयाची असते. फिरत्या पथकात दोन वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माता व परिचारिका असतात. कार्यक्रमाच्या सुरुवातीला ठरविलेल्या ३० आजार-दोषांच्या यादीत दातकिडीचाही समावेश आहे. तेव्हा आपल्या मुलाचे दात वर्षातून एकदा पाहिले जाण्याची सोय कागदावर तरी झालेली आहे. तिचा लाभ पुरता घेणे पालकांच्या हाती आहे. त्यासाठी काय करावे याचा विचार लेखाच्या शेवटी केला आहे.

दात कसा किडतो?

दाताचे बाहेरचे पांढरे कवच शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्यात वजनाच्या सुमारे ९६ टक्के खनिज असते, आणि ते खनिज म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटचाच एक प्रकार होय. आपण स्फुरदासाठी वापरतो ते रॉक फॉस्फेट व हाडांचे खत याच कुळातील आहे. रॉक फॉस्फेट चुनखडीच्या जमिनीत फारसे लागू पडत नाही, पण दक्षिण कोकणातील जांभ्या, आम्लधर्मी जमिनीत हळूहळू विरघळून पिकाला मिळते. सामू कमी झाला की हे खनिज विरघळू लागते. नेमके हेच दातावर घडते.

तोंडात असंख्य जिवाणू असतात. दात स्वच्छ केल्यानंतर काही तासांतच त्यांचा पातळ, चिकट थर दातांवर बसू लागतो. साखर मिळाली की यांतील काही जिवाणू तिचे लॅक्टिक आम्ल बनवतात. दुधाचे दही होताना तयार होते तेच हे आम्ल. साखरेपासूनच हे जिवाणू एक डिंकासारखा पदार्थही बनवतात आणि त्याच्या आधाराने दाताला घट्ट चिकटून बसतात.

तोंडाचा सामू साधारणपणे ७ च्या आसपास असतो. गोड खाल्ल्यानंतर काही मिनिटांतच दातावरील थराचा सामू ५.५ च्या खाली जाऊ शकतो. या पातळीखाली दाताचे खनिज विरघळू लागते. पुढे लाळ आपले काम करते. लाळेत आम्लाचा जोर कमी करणारे क्षार तसेच कॅल्शियम व फॉस्फेट असतात. आम्लधर्मी जमिनीला चुना द्यावा तसे लाळ सामू पुन्हा वर आणते आणि गेलेले खनिज थोडे थोडे परत भरते. यास अर्धा ते एक तास लागतो.

झीज आणि भरपाई यांचा हा ताळेबंद दिवसभर चालू असतो. भरपाईपेक्षा झीज जास्त झाली की कीड सुरू होते.

किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे महत्त्वाचे

वरील विवेचनावरून एक गोष्ट लक्षात येईल. प्रत्येक वेळच्या गोडानंतर दात अर्धा-पाऊण तास आम्लात राहतो. मूल दिवसातून तीन वेळा खात असेल तर दात दीड-दोन तास आम्लात राहतील आणि उरलेल्या वेळात लाळ भरपाई करील. तेच मूल जेवणांखेरीज सकाळी बिस्किट, शाळेच्या वाटेवर चॉकलेट, मधल्या सुट्टीत गोड पेय, शिकवणीला जाताना गोळी असे आठ वेळा तोंड गोड करत असेल, तर दात चार-पाच तास आम्लात राहतील. साखर तेवढीच असली तरी नुकसान कितीतरी अधिक होईल.

स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे १९४० च्या दशकात केलेल्या आणि १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसून आले. संस्थेत राहणाऱ्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांवर हा प्रयोग झाला. आज असा प्रयोग अनैतिक ठरला असता. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये चिकट गोड पदार्थ खाणाऱ्यांचे दात फार जास्त किडले, हा त्याचा निष्कर्ष होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि ५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास अधिक चांगले. २००० उष्मांकाच्या आहारात ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम साखर, साधारण पाच चहाचे चमचे. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते. शिवाय या पेयाचा सामू मुळातच ३ च्या खाली असतो, म्हणजे जिवाणूंची मदत न घेताही ते दाताचे कवच झिजवते. गूळ आरोग्याला चांगला म्हणून दाताला चालतो, असा समज आहे. जिवाणूंना मात्र गूळ आणि साखर यांत फरक नाही.

सहाव्या वर्षी येणारी दाढ ओळखा

पालकांच्या हातून सर्वांत मोठे नुकसान येथे होते. कायमची पहिली दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास उगवते. ती दुधाच्या दाढांच्या मागे नव्या जागेत येते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे ती कायमची आहे हे घरात कोणाच्या लक्षात येत नाही. दुधाची दाढ असेल, पडेल आणि नवी येईल, असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते. बाराव्या वर्षापर्यंत तिला भोक पडते आणि दहावीपर्यंत ती काढावी लागते.

दुसरी कायमची दाढ बाराव्या वर्षाच्या सुमारास येते. नव्याने उगवलेल्या दाताचे कवच पूर्ण पक्के झालेले नसते. रोपवाटिकेतून नुकत्याच लावलेल्या रोपाला जशी जास्त जपणूक लागते, तशी उगवल्यापासून पहिली दोन-तीन वर्षे दाताला लागते. म्हणून ६ ते ८ आणि १२ ते १५ ही वये विशेष काळजीची समजावीत. दाढेच्या माथ्यावरील खोल खाचांत अन्न अडकते व तेथे ब्रशही पोहोचत नाही. या खाचा लेप देऊन बुजवण्याची साधी सोय दंतवैद्याकडे असते. नवीन दाढ आल्यावर त्याबाबत अवश्य विचारावे.

हिरड्यांचे विकार

दातांवरील चिकट थर वेळेवर निघाला नाही तर तो हिरडीच्या कडेला साचतो. हिरडी लाल होते, सुजते आणि घासताना रक्त येते. काही दिवसांनी या थरात लाळेतील क्षार बसून त्याचा पिवळट, टणक थर बनतो. यालाच आपण कीटण म्हणतो. कीटण ब्रशने निघत नाही, ते दंतवैद्याकडून काढून घ्यावे लागते. कीटण काढल्याने दात सैल होतात, हा गैरसमज आहे. दात आधीच सैल झालेला असतो, कीटणाने तो झाकलेला असतो एवढेच.

वयात येताना शरीरातील संप्रेरके बदलतात व हिरड्या अधिक हळव्या होतात. म्हणून १२ ते १६ वर्षांच्या मुला-मुलींत थोड्याशा थरानेही हिरड्या सुजतात. रक्त येते म्हणून मूल त्या बाजूला घासणे सोडते, थर आणखी वाढतो आणि रक्तही वाढते. खरे तर रक्त येते तेथेच मऊ ब्रशने हळुवार पण नीट घासले पाहिजे. बहुतेक मुलांत आठ-पंधरा दिवसांत फरक दिसतो. दोन आठवड्यांनंतरही रक्त थांबले नाही तर मुलाला दंतवैद्याकडे न्यावे.

या पायरीवर विकार पूर्ण बरा होतो. दुर्लक्ष झाल्यास मात्र तो हिरडीखालच्या हाडापर्यंत जातो. झाडाच्या मुळाभोवतीची माती वाहून जावी तसे दाताभोवतीचे हाड झिजते आणि चांगला, न किडलेला दातही हलू लागतो. झिजलेले हाड पूर्ववत होत नाही.

कुपोषणाचा दातांवरील परिणाम

कायमच्या दातांचे कवच, अक्कलदाढा वगळता, जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत जबड्याच्या आत तयार होत असते. या काळात बालक कुपोषित राहिले किंवा वारंवार आजारी पडले, तर कवच पातळ, खडबडीत व खाचांचे होते. असा दात उगवल्यानंतर लवकर किडतो. जव्हार-मोखाड्यासारख्या भागात पहिल्या काही वर्षांतील आहाराचा प्रश्न किती बिकट आहे, हे सर्वांना माहीत आहे. म्हणून गरोदर माता व लहान बालके यांच्या आहाराकडे दिलेले लक्ष पुढे दातांच्याही कामी येते. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. काट्यासह खाल्ली जाणारी लहान सुकी मासळीही कॅल्शियम देते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. उगवलेल्या दाताला भोक पडल्यावर कॅल्शियमच्या गोळ्या देऊन ते भोक भरत नाही. आहाराचा हा उपाय दात घडण्याच्या काळातील आहे.

मशेरी, तंबाखू व सुपारी

ग्रामीण भागात अनेक घरांतून आजही मशेरीने दात घासले जातात. घरातील मोठी माणसे मशेरी लावतात, लहान मुली पाहतात आणि बारा-तेराव्या वर्षी त्याही सुरू करतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तिने दात स्वच्छ होत नाहीत. दाताचे दुखणे थोडा वेळ बधिर होते, म्हणून बरे वाटते आणि व्यसन जडते. तंबाखूमुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होऊन विकार आतल्या आत वाढतो, आणि रक्त कमी येत असल्यामुळे तो लक्षातही येत नाही. दंतमंजन व पेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी घातली, ती याच कारणासाठी.

गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. आपल्या गावातील शाळेभोवती या मनाईचे पालन होते का, हे शाळा व्यवस्थापन समितीने पाहावे.

केळवे-माहीमचे पानमळे आणि कोकणातील सुपारीच्या बागा हा आपल्या भागाच्या अभिमानाचा विषय आहे. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगणे कर्तव्य आहे. तंबाखू न घालताही नुसती सुपारी सतत चघळल्याने गालाची आतली कातडी कडक होते व तोंड उघडेनासे होते. तोंडाच्या कर्करोगाची ही पूर्वावस्था ठरू शकते. सुपारी कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. मुलाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी जात नसतील तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. गोड सुपारीची पुडी हा मुलांचा खाऊ नव्हे.

दात घासण्याची योग्य पद्धत

१) दिवसातून दोनदा दात घासावेत. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे जास्त महत्त्वाचे आहे, कारण झोपेत लाळ फार कमी सुटते व आम्ल तसेच राहते. रात्री घासल्यानंतर पाण्याखेरीज काही घेऊ नये.

२) मऊ केसांचा ब्रश वापरावा. घरातील प्रत्येकाचा ब्रश वेगळा असावा. केस वाकडे झाल्यावर किंवा तीन महिन्यांनी ब्रश बदलावा.

३) फ्लोराइड असलेली पेस्ट घ्यावी. फ्लोराइडमुळे दाताचे खनिज आम्लाला अधिक टक्कर देते. पेस्टमधील फ्लोराइडचे प्रमाण नळीवर पीपीएममध्ये छापलेले असते व आपल्याकडे ते १००० पीपीएमपर्यंत असू शकते. खताच्या पोत्यावरील घटक वाचतो तसे हे वाचून घ्यावे. लहान मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते आणि ती गिळू देऊ नये. ज्या गावात विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याचे पाणी तपासणीत आढळले आहे, तेथे दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे.

४) ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून लहान गोलाकार फिरवावा. वरचे दात वरून खाली व खालचे दात खालून वर घासावेत. दाढांचे माथे आणि आतली बाजू विसरू नये. दोन मिनिटे तरी घासावे.

५) घासल्यावर फेस थुंकून टाकावा. लगेच भरपूर पाण्याने चुळा भरल्यास फ्लोराइड निघून जाते.

६) राख, कोळसा, विटेची पूड, जाडे मीठ यांनी दाताचे कवच घासले जाते. त्यांचा वापर बंद करावा.

७) कडुलिंब, बाभूळ किंवा करंजाचे दातवण टोक चावून मऊ करून वापरल्यास थर निघतो. मात्र त्यातून फ्लोराइड मिळत नाही. म्हणून सकाळी दातवण व रात्री पेस्ट असा मेळ घालावा.

मधल्या सुट्टीचा खाऊ आणि परसबाग

तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि बोईसर हे मोठे बाजाराचे गाव झाले. रोजची मजुरी हाती येऊ लागली तसा मुलांच्या खिशातही पैसा आला. शेतावर, कारखान्यात दिवसभर राबणारी आई मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवते, त्यात तिचा दोष नाही. पण त्या दहा रुपयांत बिस्किट, चॉकलेट नाहीतर चिकट गोळीच येते.

यावर शेतकऱ्याच्या घरात उत्तर उपलब्ध आहे. भाजलेले शेंगदाणे, उकडलेल्या तुरीच्या शेंगा, फुटाणे, ओल्या नारळाचा तुकडा, काकडी, पेरू हे पदार्थ दाताला चिकटत नाहीत आणि चावताना लाळ भरपूर सुटते. पेरूच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २०० मिलिग्रॅम जीवनसत्त्व क असते व ते हिरड्यांना आवश्यक आहे. परसात पेरूची दोन झाडे व काकडीचे दोन वेल असले तरी मुलांचा बराच खाऊ घरचा होतो. शाळेच्या परसबागेतही ही पिके घेता येतात.

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ताजा चिकू जेवणाबरोबर खाण्यास हरकत नाही. वाळवलेले चिकूचे काप मात्र चिकट असतात व त्यातील साखर दाढांत बराच वेळ राहते. असे काप जेवणानंतर खावेत आणि वर पाणी प्यावे. शाळेच्या मधल्या सुट्टीसाठी ते देऊ नयेत. प्रक्रिया उद्योग करणाऱ्या बचत गटांनीही आपल्या मुलांच्या बाबतीत हे पथ्य पाळावे.

सण, लग्नकार्य, गोडधोड बंद करावे असे कोणी म्हणत नाही. गोड जेवणाबरोबर खावे, मध्येच खाऊ नये, आणि खाल्ल्यावर खळखळून चूळ भरावी, एवढे पुरे.

कीड ओळखण्याच्या पायऱ्या व उपचार

पीक संरक्षणात आपण आर्थिक नुकसानीची पातळी पाहतो. ती ओलांडण्यापूर्वी उपाय केल्यास खर्च कमी येतो. दातांचेही तसेच आहे. महिन्यातून एकदा मुलाला उजेडात उभे करून तोंड उघडायला सांगावे व पुढील खुणा पाहाव्यात.

पहिली पायरी : हिरडीजवळ किंवा दाढेवर खडूसारखा पांढरा डाग. दुखत नाही. फ्लोराइडची पेस्ट व खाण्याच्या सवयीत बदल केल्यास कीड येथेच थांबू शकते.

दुसरी पायरी : तपकिरी-काळा डाग व लहान खड्डा. गार किंवा गोड लागताच कळ येते. दात भरून घ्यावा. खर्च थोडा, वेळही थोडा. ग्लास आयनोमर नावाचे सिमेंट वापरून साध्या हत्यारांनी, विजेच्या यंत्राविना दात भरण्याची पद्धतही आहे.

तिसरी पायरी : रात्री ठणका लागतो, गरम लागताच दुखते. कीड नसेपर्यंत पोहोचली आहे. आता मुळातील उपचार करून दात वाचवता येतो, पण खर्च अनेक पटींनी वाढतो व फेऱ्याही वाढतात.

चौथी पायरी : हिरडीवर पुळी, पू, गालाला सूज. बहुधा दात काढावा लागतो. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल किंवा गिळता येत नसेल तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. ही स्थिती जिवावर बेतू शकते.

ठणका थांबला म्हणजे दात बरा झाला, असे समजू नये. पुष्कळदा नस मेल्यामुळे दुखणे थांबते आणि पू आत साठत राहतो. दातात तंबाखू, चुना किंवा रॉकेलचा बोळा ठेवू नये. वेदनाशामक गोळी हिरडीवर ठेवल्यास हिरडी भाजते.

तपासणीनंतर पुढे काय?

शाळेत पथक येते, किडलेला दात दिसतो, पुढील उपचारासाठी चिठ्ठी मिळते. पुष्कळ घरांत ही चिठ्ठी दप्तरातच राहते. रुग्णालय दूर, एका दिवसाची मजुरी बुडते, आणि मूल त्या दिवशी रडत नसते. तपासणी झाली पण दात भरला नाही, तर त्या तपासणीचा उपयोग काय? म्हणून पुढील गोष्टी कराव्यात.

अ) पथकाच्या भेटीची तारीख मुख्याध्यापकांकडून विचारून घ्यावी व त्या दिवशी मुलाला शाळेत अवश्य पाठवावे. दात दाखवायला मुलाला आधीच सांगून ठेवावे.

आ) दिवाळीनंतर वीटभट्टीवर व अन्य कामांवर स्थलांतर होणाऱ्या गावांत तपासणी पहिल्याच सत्रात व्हावी, अशी मागणी शाळा व्यवस्थापन समितीने लेखी करावी. उशिरा आलेल्या पथकाला ही मुले भेटतच नाहीत, आणि नेमकी त्यांनाच तपासणीची सर्वाधिक गरज असते.

इ) भात लावणी आटोपल्यावर व कापणी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, शेतकरी कुटुंबाला थोडी उसंत असते. दातांच्या उपचारासाठी हे दिवस राखून ठेवावेत. चार-पाच मुलांच्या पालकांनी मिळून एकाने सर्वांना नेले तर सगळ्यांची मजुरी बुडत नाही.

ई) राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंत विभाग कोणत्या वारी चालतो, याची चौकशी आशा कार्यकर्तीमार्फत आधीच करावी, म्हणजे फेरी वाया जाणार नाही.

उ) बोईसर परिसरातील विनाअनुदानित खाजगी शाळांतील मुले या शासकीय तपासणीत येत नाहीत. अशा शाळांच्या पालक सभेने वर्षातून एकदा दंतवैद्याला बोलावण्याचा ठराव करावा.

ऊ) शाळेत दुपारच्या भोजनानंतर हात धुण्याबरोबर प्रत्येक मुलाने चूळ भरावी. यास खर्च नाही. मोठ्या वर्गातील मुलींनी लहान वर्गांना घासण्याची पद्धत दाखवावी.

आपल्या भागाला ही परंपरा नवीन नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली मुलांच्या शिक्षणाची सुरुवात अक्षरांआधी अंगस्वच्छतेपासून होत असे. आज त्या अंगस्वच्छतेत रात्रीच्या ब्रशची भर घालावयाची आहे.

सारांश, गोड जेवणाबरोबर द्यावे, रात्री फ्लोराइड पेस्टने दात घासून घ्यावेत, सहाव्या व बाराव्या वर्षी येणाऱ्या दाढांवर लक्ष ठेवावे, मशेरी-सुपारी मुलांपासून दूर ठेवावी आणि शाळेतून आलेली चिठ्ठी कापणीपूर्वी रुग्णालयात पोहोचवावी. आपल्या घरात सहा ते पंधरा वर्षांचे मूल असेल तर आज संध्याकाळीच त्याच्या मागच्या दाढा उजेडात पाहून घ्याव्यात.